आखूड लिव्हर

“पण मग ह्यातला कुठला बसवू, चाचा? एवढं एक सांगा की.”

दस्तगीर मिस्त्रींनी मान वर केली नाही.

त्यांच्यापुढं लाकडी फळीवर एका टेंपोचा गिअरबॉक्स पडला होता. मिस्त्रींनी पुसणीनं त्याच्या कव्हराचा काठ पुसला. मग हातोडी उचलली, काठावर टोकदार पंच धरला आणि एक ठोका दिला.

टक्‌.

कव्हरावर बाजरीच्या दाण्याएवढा खळगा पडला. तसाच दुसरा त्यांनी खालच्या पेटीवर पाडला, अगदी समोरासमोर. मग कुठं नटाला पाना लावला.

“चाचा, मी काय विचारतोय?”

“ऐकतोय की.”

बलभीम करंजाच्या झाडाखाली बाकड्यावर बसला होता. त्याच्या दोन्ही अंगांना दोन खोकी उघडी पडली होती. दोन्हींत गाडीच्या गिअरचे लिव्हर होते, पण नेहमीपेक्षा आखूड. शर्यतीची पोरं हौसेनं असले लिव्हर बसवून घेतात. मूळच्या लिव्हरला गिअर टाकायला वीतभर वाट लागते, ह्याला चार बोटं हलवली की झालं.

“हा बाहेरनं मागवलाय,” बलभीम म्हणाला. “ह्यात बुडाला रबराचं बुश हाय. मऊ पडतो म्हणत्यात. आन् हा आपल्या उद्यमनगरात लेथवर केलेला. पितळी बुश. ह्यात रबरबिबर काय न्हाई. खट्‌ म्हणजे खट्‌. पर समद्या गाडीला थरथर येती म्हणं.”

“कोण म्हणं?”

“मोबाइलवर हाईत की माणसं. एक सांगतोय, पितळच घ्या, रबर म्हंजे पोरखेळ. दुसरा सांगतोय, पितळ घातलं की गिअरबॉक्स वरसात खल्लास. तिसरा म्हणतोय, लिव्हर ऱ्हाऊ द्या, नुसती वरची मूठ जड घ्या. आन् पुण्याचा दुकानदार म्हणतोय, तिन्ही घ्या.”

“त्यातल्या त्यात दुकानदार खरं बोलला,” मिस्त्री म्हणाले. “त्येच्या पोटाचं बोलला.”

बलभीमला हसू आलं नाही.

“डोक्याचा पार भुगा झालाय, चाचा. रातभर बघतोय. जेवढं बघतोय तेवढं जास्तच कळंना झालंय.”

“मग नगं बघूस.”

“रविवार आला की!”

मिस्त्रींनी नट सैल केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. बाकडं काही फार उंच नव्हतं, तरी पोराचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चपला बोटांत लोंबत होत्या.

“तुझ्या बापानं नावं ठेवताना गडबड केली बघ,” मिस्त्री म्हणाले. “बलभीम म्हणं. आन् पाय बघावं तर झोपाळ्यावर बसलेल्या पोरीवाणी.”

“दादा बी हेच म्हणायचा.”

मिस्त्रींनी पुन्हा पाना उचलला.

रणधीर, बलभीमचा थोरला भाऊ, ह्याच फळीवर शिकला होता. गगनबावड्याच्या वाटेवर, उसाच्या रानांना लागून असलेल्या ह्या गॅरेजात तो पोरवयात आला आणि मिसरूड फुटेस्तोवर मिस्त्रींच्या हाताखाली राहिला. ताडमाड वाढला. इतका, की पत्र्याच्या दारातून आत यायचं तर वाकून यावं लागे. कुणाची तरी पलटी खाल्लेली दोन दारांची बुटकी लाल स्पोर्ट गाडी त्यानं भंगारात बघितली, आणि तिच्यासाठी लग्न लांबवलं. जोडून जोडून ती उभी केली. दर साली घाटात चढणीची शर्यत होते. रस्ता बंद ठेवतात, एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावून वेळ घेतात. रणधीरची लाल गाडी आली की पोरं दगडी कठड्यावर चढून उभी राहत.

घाटातलं एकही वळण त्याला कधी फसवू शकलं नाही. तो गेला तो डासाच्या तापानं. गणपती बसले त्या आठवड्यात अंग तापलं, आणि विसर्जनाला घरात माणूस नव्हता.

तेराव्याच्या पंगतीत बलभीमनं हातातला घास पानात ठेवला आणि सगळ्या भावकीपुढं बोलून गेला, “औंदाची चढण दादाच्या गाडीतनं मी करणार.”

आई तेवढी वाढता वाढता थांबली.

“एक देवानं नेला,” ती म्हणाली. “दुसरा तू आपल्या हातानं नेऊन घाल.”

आता तो रविवार तोंडावर आला होता. आणि गाडीचा तिसरा गिअर पडत नव्हता.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

“तिसराच अडतोय?”

“तिसरा. कर्र्‌ करतोय. ऐन चढाला. तिथंच तर लागतोय तो.”

“दुसरा?”

“गुमान पडतोय.”

“चौथा?”

“लोण्यावाणी.”

“पहिला?”

बलभीम घुटमळला. “तो बी... जरा अडतोय. पाचवा बी.”

“म्हंजे मागं वढायचे सगळे पडत्यात. आन् पुढं ढकलायचे सगळे अडत्यात.”

“व्हय!” बलभीम बाकड्यावरून उडी मारून उतरला. “म्हणून तर म्हणतोय! लिव्हर लांब हाय. पुढं जाईस्तोवर येळ जातोय. आखूड बसवला की काम झालं.”

“लांब हाय...”

“हाय की.”

“रणधीरला कधी अडला व्हता?”

“दादाचा हात साफ हुता.”

“आन् तुझा?”

“माझा बी साफच हाय. टेंपो चालवतोय की मी. ट्रॅक्टर चालवतोय. कशात गिअर अडत न्हाई माझा. ह्या गाडीतच अडतोय.”

मिस्त्रींनी बाहेरून मागवलेला लिव्हर उचलला. हातात तोलला. पितळी बुशाचा उचलला, तोही तोलला. मग दोन्ही आपापल्या खोक्यात ठेवले.

“दोन्ही चांगलं हाईत.”

“आं?”

“काम चोख हाय. ह्येचं बी आन् त्येचं बी. एक ध्यानात ठेव. आखूड लिव्हरनं वाट कमी होती. पर जोर जास्त लावाय लागतो. वाट बी कमी आन् जोर बी कमी, असला लिव्हर अजून कुणी केला न्हाई.”

“म्हंजे बसवू नगं म्हणताय?”

“कुठं म्हणलं?”

“म्हंजे बसवू म्हणताय?”

“तसं बी न्हाई म्हणलं.”

बलभीमनं कपाळावर हात मारला. वरून करंजाचं एक पान खोक्यात पडलं. त्यानं ते उचलून उगीच चुरगाळलं, आणि एकदम खाली बघून बोलायला लागला.

“चाचा, मला त्येच्या मनाचं करायचंय. बास. एवढंच हाय. पर त्येच्या मनातलं कुठलं? एकदा मी म्हणलं हुतं, दादा, लिव्हर बदलू या का? तर अंगावर आला. म्हणाला, ह्या लिव्हरला हात लावायचा न्हाई, गाडीचा जीव हाय त्यात. आन् ताप यायच्या आधी चार दिस... अंथरुणात पडून मोबाइलवर असलाच आखूड लिव्हर बघत हुता. मला कोपरानं ढोसलं. म्हणाला, बल्ल्या, कसा वाटतोय रं? मी झोपंत हुतो. हूं म्हणलं आन् कूस बदलली.”

तो थांबला.

“नुसतं हूं म्हणलं, चाचा. बघितला बी न्हाई. आता कुठलं खरं धरू? तुमी त्येचं वस्ताद. तुमाला ठावं असंल. त्यानं कुठला घेतला असता?”

मिस्त्रींनी हातावरचं काळं तेल पुसलं.

“मला न्हाई ठावं.”

“मग कुणाला ठावं असणार?”

“कुणाला न्हाई.”

...

“चल,” मिस्त्री उठले. “दोन वळणं वर जाऊन येऊ. तिसरा काय म्हणतोय बघू.”

लाल गाडी झाडापलीकडं उभी होती. धूळ पुसलेली, काचा लखलखीत. मिस्त्री डाव्या बाजूला बसले, गुडघे पोटाशी घेऊन. बलभीमनं इंजिन चालू केलं. गाडी गुरगुरली, आणि त्या आवाजानं दोघांचीही तोंडं क्षणभर उतरली.

पहिला गिअर टाकायला बलभीमनं दात खाल्ले. कर्र्‌... पडला.

दुसरा गुमान पडला.

रस्ता उसांतून निघाला आणि हळूहळू चढाला लागला. मिस्त्री रस्त्याकडं बघतच नव्हते. ते पोराकडं बघत होते.

पोरगं सीटच्या पार काठावर बसलं होतं. पाठ टेकलेली नव्हती. स्टिअरिंग धरलं होतं, की स्टिअरिंगला लोंबकळत होतं, सांगणं कठीण. डावा पाय क्लचवर पोचत होता तो नुसत्या चवड्यानं.

“मागं काय येतंय?” मिस्त्रींनी विचारलं.

बलभीमनं मान वळवून मागं पाहिलं. “काय न्हाई.”

“आरसा हाय की.”

“...मान वळवायची सवय हाय.”

मिस्त्रींनी पोराच्या खांद्याशी डोकं नेलं आणि तिथून आरशात पाहिलं. आरशात रस्ता नव्हता. मागच्या काचेची वरची कड होती, तिच्यावर आभाळ होतं. आभाळात एक घार फिरत होती.

ते पुन्हा सरळ बसले.

पहिलं वळण आलं. चढ उभा झाला. दुसऱ्यात इंजिन ओरडायला लागलं.

“आता तिसरा,” मिस्त्री म्हणाले.

बलभीमनं चवड्यानं क्लच दाबला. हात पुढं गेला, हातामागं खांदा गेला, खांद्यामागं सगळं अंग गेलं, आणि क्लचवरचा चवडा उचलला गेला.

कर्र्‌र्र्‌!

पडला नाही. पुन्हा रेटला. कर्र्‌! तोवर वेग मेला. गाडी ऐन वळणावर, रस्त्याच्या मधोमध आचका देऊन बंद पडली.

आणि मागून भोंगा वाजला.

उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता. चढाला जोर घेऊन येत होता. आरशात अजून घारच फिरत होती. ट्रॅक्टरवाल्यानं जिवाच्या आकांतानं स्टिअरिंग फिरवलं. आधी ट्रॅक्टर गेला, मग एक ट्रॉली, मग दुसरी. शेवटच्या ट्रॉलीचं चाक बलभीमच्या दाराजवळून इतकं खेटून गेलं, की त्याला टायरवरचा चिखल मोजता आला असता.

ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन मागं वळून ओरडला, “ए हिरो! आरसा काय भांग पाडायला लावलाय व्हय रं?”

धुरळा बसला.

बलभीमनं स्टिअरिंगवर बुक्की मारली.

“बघितलासा? बघितलासा न्हवं? लिव्हर! ह्या लिव्हरनं जीव घेतला असता आज!”

मिस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला.

“गाडी वळव,” ते म्हणाले. “दुसऱ्यातच चल. सावकाश.”

बलभीमनं मान वळवून मागं पाहिलं आणि गाडी वळवली.

करंजाखाली गाडी थांबली. बलभीमनं खोक्यांकडं बोट केलं.

“पितळीच बसवू. आज, आत्ताच. तुमी नसलासा बसवत तर मी बसवतो. खालचं चार बोल्ट तर हाईत.”

“उतर.”

“आं?”

“उतर म्हणलं न्हवं.”

बलभीम उतरला. मिस्त्री गाडीला वळसा घालून आले आणि स्वतः चालवणाऱ्याच्या जागी बसले. तेही अंगानं लहानखुरे, वयानं आणखी आकसलेले. पण ते काठावर बसले नाहीत. पाठ लावून, डोकं टेकून, पार मागं बसले. पाय क्लचपर्यंत पोचले नाहीत. हात लिव्हरवर गेला, पण मूठ नुसत्या बोटांना लागली.

त्यांनी डोळे मिटले.

“लई उंच हुतं पोरगं...” ते स्वतःशीच म्हणाले.

बलभीम दार धरून उभा होता.

“बल्लू, एक इचारू?”

“इचारा.”

“गाडी चालवताना तू हितं, काठावर बसतोस. मग तुझ्या पाठीमागं एवढी जागा सोडलीस, ती कुणाला रं?”

बलभीमनं सीटच्या पाठीकडं पाहिलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. वाकले. त्यांचा हात सीटखाली गेला, तिथल्या आडव्या दांडीकडं. ती वर ओढली, की सीट पुढंमागं सरकते.

“हात काढा!”

बलभीम असा ओरडला, की उसातली पाखरं उठली. त्यानं झडप घालून म्हाताऱ्याचं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट, की त्याची नखं मनगटात रुतली.

“हात काढा म्हणतो! सीटला हात लावायचा न्हाई!”

...

मिस्त्रींनी हात सोडवून घेतला नाही. तसाच त्याच्या मुठीत राहू दिला.

“बरं,” ते म्हणाले.

बलभीमला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. त्यानं मूठ सोडली. दोन पावलं मागं सरला. ह्या माणसापुढं दादा कधी बसून बोलला नव्हता...

“चुकलं, चाचा.”

“लिव्हरवर त्येचा हात असायचा,” मिस्त्री मनगट चोळत हळू म्हणाले. “मूठ बघ, झिजून कशी गुळगुळीत झालीया. ती काढून टाकाय तू निघालास. खालचं चार बोल्ट तर हाईत म्हणलास. ते चालतंय. आन् ही सीट चालत न्हाई?”

बलभीमनं मिस्त्रींकडं बघितलं, लिव्हरकडं बघितलं, सीटकडं बघितलं.

“मला काय कळंना झालंय, चाचा.”

“बस खाली.”

तो तिथंच, गाडीच्या दाराशी मातीत बसला.

“त्या दिशी अंगात ताप घिऊन त्यानं गाडी अंगणात लावली,” तो म्हणाला. “उतरला. दार लावलं. म्हणाला, बल्ल्या, उद्या धुऊ या. ती सीट... त्यानं ठेवली तिथं हाय. आरसा त्यानं ठेवला तिथं हाय. मी बाकी समदं पुसलंय. पर ह्येला हात लावला न्हाई.”

“पाय पोचत न्हाईत.”

“पोचत्यात. पुढं सरून बसलं की पोचत्यात.”

“पुढं रेटलं की चवडा उचलतोय तुझा. अर्धा क्लच दाबून गिअर पडंल व्हय रं, लेका? कुठलाबी लिव्हर घाल. सोन्याचा घाल.”

बलभीमनं मान खाली घातली. म्हणजे त्याला ठाऊक होतं? ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही. रात्र रात्र मोबाइलवर तो लिव्हरच का शोधत होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“सीट एकदा हलली,” तो मातीत बोट ओढत म्हणाला, “की परत कुठल्या खाचंवर हुती ते कळायचं न्हाई. त्या दांडीखाली नुसत्या खाचा हाईत. एकासारखी एक. मग तो कुठं बसायचा, ते बी जाईल.”

“खाच मोजून ठिवायची.”

“भ्या वाटतं. मोजाय हात घातला आन् सटकली तर?”

मिस्त्री गाडीतून उतरले, गुडघ्यावर हात ठेवत फळीकडं गेले. टेंपोच्या गिअरबॉक्सशेजारी पडलेला पंच उचलला. हातोडी उचलली.

“बॅटरी आण आतली, उजेडाची.”

बलभीम उठला, पण जागचा हलला नाही. “काय करताय?”

“आण तर.”

त्यानं बॅटरी आणली. मिस्त्री दाराशी गुडघे टेकून बसले आणि सीटखाली डोकावले.

“चाचा, हलवू नगा...”

“हलवत न्हाई. उजेड धर.”

उजेड सीटखाली गेला. खाली लोखंडी पट्टी होती, जमिनीला पक्की बसवलेली. तिच्यावर सीटची सरकती पट्टी.

“रणधीर माझ्याकडं आला ना,” मिस्त्री पंचाचं टोक जुळवत म्हणाले, “पयल्याच आठवड्यात मला न इचारता एक गिअरबॉक्स खोलला. खूण न करता. दोन दिस जोडत बसला. कव्हर बसंना, रडकुंडीला आला. तवापास्नं त्यानं खूण केल्याबिगर कशाचा नट हलवला न्हाई. साधी सायकल असली, तरी बी.”

टक्‌.

गाडीभर एक बारीक नाद गेला. बलभीमचे खांदे उडाले.

खालच्या पट्टीवर बाजरीच्या दाण्याएवढा खळगा पडला होता.

टक्‌.

तसाच सीटच्या पट्टीवर. अगदी समोरासमोर.

“बोट घाल.”

बलभीमनं हात आत घातला. बोट पट्टीवरून सरकत गेलं, आणि एका जागी अडलं. मग वरच्या पट्टीवर अडलं. खाली, वर. खाली, वर. तो बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. त्याची पाठ हलत होती. आवाज येत नव्हता.

मिस्त्री उठले आणि फळीकडं गेले. त्याच्याकडं पाठ करून, टेंपोच्या गिअरबॉक्सचे उरलेले नट खोलायला लागले.

उसातून वारा आला. करंजाची चार पानं लाल टपावर पडली.

बऱ्याच वेळानं मागं दार लागल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मिस्त्रींनी एक नट काढला, डब्यात टाकला. दुसरा काढला.

आणि मग ऐकू आलं.

कट्‌.

मिस्त्रींचा हात थांबला.

...

कट्‌. कट्‌.

मग पुन्हा शांतता, आणि मग घाईघाईनं, मन बदलायच्या आत उरकावं तसं, कट्‌ कट्‌ कट्‌.

गाडीत बलभीमची पाठ टेकली होती. ह्या गाडीत ती कधीच टेकली नव्हती. त्याला ते इतकं नवखं वाटलं, की कुणी मागून हात लावला असं समजून तो दचकला. मागं सीटच होती.

त्यानं डावा पाय दाबला. क्लच खालपर्यंत गेला, तळाला लागला. जुन्या गुळगुळीत मुठीवर हात ठेवला. आता कोपर वाकलेलं राहत होतं. इंजिन चालू केलं, दुसरा टाकला, आणि मग तिसरा.

काहीच आवाज झाला नाही.

त्याला वाटलं, पडलाच नाही. काढून पुन्हा टाकला. पहिला टाकला. तिसरा टाकला. पुन्हा तिसरा. वीतभर वाट, आणि तिच्या शेवटी गिअर निमूटपणे बसत होता, जसा काही कधी अडलाच नव्हता.

तो आनंदानं ओरडणार होता. ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यातून भलताच आवाज आला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. आरशाला हात लावला, थांबला, मग आरसा खाली वळवला. आभाळ वर निघून गेलं. मागचा रस्ता आला, फळी आली, आणि फळीवर वाकलेल्या मिस्त्रींची पाठ आली.

“पडला काय रं?” मिस्त्रींनी न वळता विचारलं.

“पडला.”

“मग ह्यातला कुठला बसवू?”

बलभीमनं बाकड्यावरच्या दोन खोक्यांकडं पाहिलं. एक चकचकीत, एक पितळी. उत्तर द्यायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं. हे दोन्ही त्यानं कशाला आणले होते, तेच क्षणभर आठवेना.

“आन् रविवार?” मिस्त्री म्हणाले.

“आईला इचारतो.”

मिस्त्रींनी मान हलवली. शेवटचा नट निघाला. त्यांनी कव्हरावरचा खळगा अंगठ्यानं एकदा चाचपला आणि कव्हर सहज उचलून बाजूला ठेवलं.

बलभीमचा हात नकळत पुन्हा सीटखाली गेला. खालचा खळगा बोटाला लागला. पण त्याच्या समोरचा आता तिथं नव्हता. तो पुढं सरकला होता.

“चाचा...”

“काय?”

“ही सीट परत मागं कधी न्यायची?”

मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या काळ्या तेलात हात घातला.

“तुझ्यापरीस उंच माणूस बसंल, त्या दिशी.”